निलगिरीची वाफेची गाडी: तिकीट काढायचं तर मेट्टुपलायमचंच काढा

पहिलंच सांगून टाकतो, उटीला जाऊन टॉय ट्रेनमध्ये बसून आलो पण वाफेचं इंजिन काही दिसलं नाही असं म्हणणारी चार-पाच माणसं माझ्या ओळखीत आहेत आणि त्यात मी पण आहे. लग्नानंतर गेलेलो तेव्हा एका ट्रॅव्हलवाल्याने पॅकेजमध्ये 'स्टीम ट्रेन राइड' असं ठळक अक्षरात लिहून दिलेलं आणि प्रत्यक्षात हातात तिकीट पडलं कुन्नूर ते उटीचं. मी आपला कॅमेरा गळ्यात अडकवून प्लॅटफॉर्मच्या टोकाला उभा, आणि गाडी लागली ती डिझेल लावून. फोन केला तर म्हणतो, "सर गाडी तीच आहे, हेरिटेजच आहे ना." आता डबे तेच, रूळ तेच, मान्य, पण मी काय डबे बघायला गेलेलो का? त्या दिवशीचा फोटो आहे घरी, बायको पाहुण्यांना माझं तोंड दाखवायला अजून काढते.

तर ज्यांना खरोखर वाफ बघायचीय, ऐकायचीय, कपड्यांना वास लावून घ्यायचाय त्यांनी एवढंच डोक्यात ठेवा, की वाफेचं इंजिन लागतं ते पायथ्याच्या मेट्टुपलायम ते कुन्नूर या टप्प्यात, कुन्नूरच्या वर उटीपर्यंत डिझेल ओढतं. बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

यावेळी मी नीट ठरवून गेलो. बायको, नऊ वर्षांचा पोरगा आणि मी. मी साखर कारखान्यात बॉयलर हाउसला मेंटेनन्सला आहे, सोळा-सतरा सीझन झाले, त्यामुळे हा रिव्ह्यू जरा इंजिनाच्या बाजूने झुकलेला असणार हे आधीच कबूल करतो. धुकं, चहाचे मळे, धबधबे याच्यावर बाकीच्यांनी भरपूर लिहिलंय आणि ते सगळं तिथे आहेच, पण मला राहून राहून वाटतं की लोक चुकीच्या खिडकीतून बघतात. दरी कुठल्याही घाटात मिळते हो. रोज सकाळी वाफ धरून अख्खी गाडी डोंगरावर ढकलून नेणारं इंजिन कुठे मिळतं?

गाडी मेट्टुपलायमवरून सकाळी ७:१० ला सुटते. चेन्नईवरून रात्रीची निलगिरी एक्सप्रेस येते तिला जोडूनच ही आहे, पण आम्ही आदल्या दिवशीच येऊन राहिलो, आणि तुम्हालाही तेच सांगेन, कारण लवकर पोचलात तर इंजिन डब्यांना लागायच्या आधी बघायला मिळतं. सहाच्या सुमारास आम्ही स्टेशनात. इंजिन उभं, अंगातून ठिकठिकाणी वाफेच्या बारीक रेघा निघतायत, खाली थेंब थेंब पाणी, आणि ती मंद घरघर. पोरगा म्हणतो बाबा हे लीक होतंय. म्हटलं शाबास, पोरगं आपल्याच खात्यातलं निघालं. त्याला सांगितलं की वाफेच्या यंत्रात थोडं कुठेतरी निथळत असतंच, उभ्या उभ्या सिलिंडरमध्ये वाफ थंड होऊन पाणी साचतं आणि ते काढून टाकायचे कॉक असतात, तसंच सुरू केलं तर दट्ट्या (पिस्टन) त्या पाण्यावर आदळेल, पाणी काही दबत नाही, मग सिलिंडरचं झाकणच उडायचं. म्हणून सुटताना आधी दोन्ही बाजूंनी वाफेचे फवारे सोडतात. लोकांना वाटतं फोटोसाठी सोडतात.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. लाइन ४६ किलोमीटरला थोडी कमी, मीटर गेज, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर, खाली मेट्टुपलायम ३२६ मीटरवर आणि वर उटी २२०३ मीटरवर. ही लाइन करायची हे १८५४ मध्येच सुचवलं गेलेलं पण काम सुरू व्हायला १८९१ उजाडलं, कुन्नूरपर्यंत १८९९ मध्ये गाडी आली आणि उटीपर्यंत १९०८ मध्ये. २००५ पासून युनेस्कोच्या यादीत आहे, दार्जिलिंगच्या जोडीने. २०८ वळणं, १६ बोगदे, अडीचशे पूल. बोगद्यात पोरं किंचाळतात, मोठी माणसं पोरांपेक्षा जास्त किंचाळतात, सोळाही बोगद्यात. कान बंद करायची सोय नाही.

खरी मजा कल्लार स्टेशनपासून पुढे. तिथून कुन्नूरपर्यंतचा चढ साधारण बारास एक, म्हणजे बारा फूट पुढे गेलात की एक फूट वर. साध्या रेल्वेला शंभरास एक चढ आला तरी इंजिन हाशहुश्श करतं, लोखंडावर लोखंड शेवटी किती धरणार. म्हणून इथे दोन रुळांच्या मधोमध दातेरी पट्ट्या टाकल्यात, एक नाही दोन, शेजारी शेजारी, आणि एकीचा दात असेल तिथे दुसरीची खाच. रोमान आब्त नावाच्या स्विस इंजिनिअरची ही पद्धत. इंजिनाच्या पोटाखालची दातेरी चाकं त्यात बसतात, आणि दात असे मागेपुढे असल्यामुळे एकाची पकड सुटायच्या आत दुसऱ्याने धरलेलं असतं. भारतात अशी लाइन ही एकच.

कल्लारला गाडी अगदी माणसाच्या चालीने पुढे सरकते. दातेरी पट्टीचं तोंड स्प्रिंगवर बसवलेलं असतं, म्हणजे चाकाचा दात दातावर आलाच तर पट्टी जरा खाली दबते आणि मग खटकन जागेवर बसते. मी खिडकीतून डोकं काढून ऐकत होतो. आधी नुसतं रुळांचं खडखड, मग खालून एक वेगळी घरघर, जशी गिअरची येते, आणि मग इंजिनाचा श्वासच बदलला! इतका वेळ एका लयीत भकभक चालू होती, ती आता वेगळीच, दोन माणसं वेगवेगळ्या तालात कांडतायत असं.

याचं कारण इतकं छान आहे की सांगितल्याशिवाय राहवत नाही. या एक्स क्लास इंजिनांना चार सिलिंडर आहेत, दोन खाली दोन वर. सपाटीवर नुसते खालचे चालतात, ते नेहमीची चाकं फिरवतात. दातेरी भाग आला की खालच्या सिलिंडरमध्ये एकदा वापरून झालेली वाफ धुराड्यात न सोडता वरच्या सिलिंडरना देतात, आणि ते गिअरमधून दातेरी चाकं फिरवतात. एकाच वाफेकडून दोनदा काम. आमच्याकडे रस आटवायच्या इव्हॅपोरेटरला हेच करतो, पहिल्या टाकीतली वाफ दुसऱ्या टाकीला, दुसरीची तिसरीला, नाहीतर अर्धा बगॅस, म्हणजे जळणाचा उसाचा चोथा, नुसता रस आटवण्यातच जायचा. शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाने तेच गणित चाकांवर बसवून डोंगरावर चढवलंय हे बघून मी बायकोला हे सगळं तिथेच समजावलं, तिने "हं" केलं आणि चहाचे मळे बघायला लागली. वेगाचं विचाराल तर दातेरी भागात ताशी १३ किलोमीटर. सायकलवाला मागे टाकेल. पण सायकलवाल्याला हा चढ चढून दाखव म्हणावं.

इंजिन पुढे नसतं, मागे असतं, म्हणजे खालच्या अंगाला. ते ढकलतं. डबा सुटलाच तर इंजिनावर येऊन टेकेल, दरीत पळणार नाही, हा हिशोब. पण मग ड्रायव्हरला पुढचं दिसत नाही, तर पुढे बघायचं कोणी? प्रत्येक डब्याच्या पुढच्या टोकाला एक मोकळी गॅलरी असते आणि तिथे एक ब्रेकवाला उभा असतो, हातात झेंडा आणि शेजारी ब्रेकचं चाक. सगळ्यात पुढचा रूळ बघतो, झेंडा दाखवतो, त्याच्या मागचा तोच झेंडा आपल्या मागच्याला दाखवतो, असा निरोप इंजिनापर्यंत जातो. मी आमच्या डब्याच्या ब्रेकवाल्याकडे बराच वेळ बघत होतो, माणूस साडेतीन-चार तास उभा, वाऱ्यात, धुरात, आणि नजर एकदा पण मोबाइलकडे नाही. प्रवाशांपैकी त्याच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं, सगळे त्याला बाजूला व्हायला सांगत होते, फोटोत येतोय म्हणून.

वाटेत पाण्यासाठी थांबते. वाफेचं इंजिन जळणापेक्षा पाणी जास्त पितं हे लोकांच्या लक्षात येत नाही. हिलग्रोव्हला बराच वेळ मिळाला, सगळे उतरले, माकडं पण उतरली, एका बाईंच्या हातातला बिस्किटाचा पुडा गेला. मी सरळ इंजिनाकडे. वरून सोंडेतून पाणी टाकीत पडतंय आणि एक वयस्कर स्टाफवाले हातात तेलाची कॅन घेऊन एकेका सांध्यावर तेल सोडत चाललेले. मी थोडा लांब उभा राहून "अण्णा" म्हणून हाक मारली, मला तमिळ येत नाही, त्यांना हिंदी तोडकी. मी विचारलं पाणी कसलं, ट्रीटमेंट वगैरे? हाताने क्षार साचल्याची खूण केली, नखाने भिंत खरवडल्यासारखी. ते लगेच हसले. म्हणाले, "वॉशआउट, वॉशआउट," आणि हाताने पाइप धरून आत पाणी मारायची ॲक्शन केली. मग मला विचारलं, रेल्वे? म्हटलं नाही, शुगर, बॉयलर. त्यांनी मान हलवली आणि तेलाचा हात पँटला पुसून शेकहँड केला. माझ्यासाठी ट्रिपचे पैसे तिथेच वसूल.

वॉशआउट म्हणजे काय ते सांगतो कारण दुरुस्तीचं अर्धं पुराण त्यात आहे. पाणी उकळून वाफ जाते, क्षार मागे राहतात, बॉयलरच्या नळ्यांवर आणि फायरबॉक्सच्या, म्हणजे जाळाच्या पेटीच्या, पत्र्यावर थर बसतो. थर म्हणजे गोधडी. एका बाजूला जाळ, दुसऱ्या बाजूला पाणी, मध्ये गोधडी, मग पत्र्याला पाणी थंड करू शकत नाही आणि पत्रा तापून मऊ पडतो. म्हणून ठराविक दिवसांनी बॉयलर थंड करून, खालची-बाजूची सगळी झाकणं काढून आतून जोरात पाणी मारून गाळ काढतात. यात थंड करणं हे सुद्धा सावकाश आणि परत पेटवणं हे सुद्धा सावकाश. नवीन पोरांना हे समजत नाही, त्यांना वाटतं जाळ वाढवला की काम झालं. पत्रा जाड, नळ्या पातळ, एक लवकर फुगतो एक उशिरा, घाई केली की सांधे सुटतात आणि दुसऱ्या दिवशी नळीच्या तोंडातून पाझर. आमच्याकडे एका सीझनला वरून फोनवर फोन आले म्हणून घाईने बॉयलर पेटवला होता, पुढचे तीन दिवस आम्ही नळ्या एक्सपांड करत, म्हणजे त्यांची तोंडं फुगवून परत घट्ट बसवत बसलो. डोंगरातल्या इंजिनाला तर आणखी एक भानगड, चढावर बॉयलरच तिरका होतो, पाणी एका अंगाला जातं, पाणी बघायच्या काचेत दिसणारी पातळी फसवी असते, आणि फायरबॉक्सच्या डोक्यावरचा पत्रा उघडा पडला की खेळ खल्लास. तिथे शिशाचा प्लग असतो, पाणी कमी झालं की तो आधी वितळतो आणि वाफ सरळ जाळावर येते. म्हणजे आधी इशारा, मग फजिती. तो प्लग वितळला की ड्रायव्हरची इज्जत पण वितळली असं जुने लोक म्हणायचे.

कुन्नूरला शेड स्टेशनला लागूनच आहे. बाकीचे प्रवासी उटीकडे जायच्या गडबडीत, मी मात्र मुद्दाम कुन्नूरपर्यंतचंच तिकीट काढलेलं. आत जायला परवानगी लागते, ती माझ्याकडे नव्हती, तेव्हा बाहेरून जेवढं दिसलं तेवढंच. एक इंजिन तोंड उघडून उभं होतं, म्हणजे पुढचं गोल दार उघडलेलं, आणि आत कमरेपर्यंत शिरलेला एक माणूस, बाहेर फक्त दोन पाय. पोरगा म्हणतो इंजिनाने त्याला खाल्लं का. आतून ठक ठक ठक, मग थांबायचं, मग परत ठक ठक. मला तो आवाज घरच्यासारखा. नळ्यांच्या तोंडाशी काही चाललेलं असणार. बॉयलरच्या कामात कान फार लागतो. फायरबॉक्सचा आतला पत्रा आणि बाहेरचा पत्रा यांना शेकडो आडव्या खिळ्यांनी बांधलेलं असतं, स्टे म्हणतात त्यांना, वाफेच्या दाबाने पत्रे फुगून फाकू नयेत म्हणून. ते हातोडीने ठोकून बघतात, चांगला असेल तर खणखणीत वाजतो, तुटलेला असेल तर बद्द. आणि त्यात अजून हुशारी म्हणजे स्टेला टोकाकडून एक बारीक भोक पाडून ठेवतात, आत तडा गेला की त्या भोकातून पाणी नाहीतर वाफ यायला लागते, म्हणजे तुटलेला स्टे स्वतःच बोंब मारतो. सेन्सर नाही, वायर नाही, एक भोक!

आता वादाचा मुद्दा. ही इंजिनं मुळात स्वित्झर्लंडच्या विंटरथूरच्या कारखान्यातली, १९१४ ते १९२५ मध्ये बारा आणि १९५२ मध्ये पाच, एकूण सतरा. कारखान्याने ती बनवणं कधीच सोडलं. पार्ट बाजारात मिळत नाही, कॅटलॉग नाही, फोन करायला डीलर नाही. सिलिंडरला तडा गेला तर आधी लाकडी पॅटर्न करा, ओतकाम करा, मशिनिंग करा. पिनियनचे, म्हणजे त्या दातेरी चाकांचे, दात झिजले तर नवीन कापा. मोठी दुरुस्ती तिरुचिरापल्लीला गोल्डन रॉक वर्कशॉपमध्ये होते, आणि तिथल्या लोकांनी पुढे जाऊन चक्क नवीन एक्स क्लास इंजिनं बनवली, आधी तेलावरची, आणि २०२१ मध्ये कोळशावरचं. यावर काही रेल्वेप्रेमी नाकं मुरडतात, म्हणे हे काय हेरिटेज, हे तर नवीन. मला हे अजिबात पटत नाही. जुन्या वाड्याचे वासे बदलले, कौलं बदलली म्हणून वाडा परका होतो का? जे इंजिन शंभर वर्षं रोज चालतंय त्याचे किती नट मूळचे राहिले असतील? इंग्लंडमध्ये तर एका जुन्या जातीचं एकही इंजिन उरलं नव्हतं म्हणून लोकांनी वर्गणी काढून नवीन बांधलं, टॉर्नेडो नाव त्याचं, २००८ मध्ये चाललं, आणि तिथे त्याच्यामागे लोक वेडे आहेत. काचेच्या पेटीत ठेवलेलं इंजिन टिकतं पण ते दुरुस्त करणारा हात टिकत नाही. आमच्याकडे मिलच्या जुन्या गिअरला पांढऱ्या धातूचं बेअरिंग ओतून, कुठे टेकतंय ते दिसायला निळा रंग लावून, खरवडून बसवणारे एक मिस्त्री होते, ते रिटायर झाले आणि तेव्हापासून ते काम बाहेर पाठवावं लागतं. इंजिन नवीन बनवलं म्हणजे ते काम नवीन पोरांच्या हातात गेलं, माझ्या मते पैसा सगळ्यात चांगला तिथेच लागलाय.

याच विंटरथूर कारखान्याच्या इंजिनांची एक गोष्ट मला फार आवडते. स्वित्झर्लंडच्या फुर्का घाटातली दातेरी इंजिनं १९४७ मध्ये व्हिएतनामला विकली, तिकडे ती पुढे गंजत पडली, आणि १९९० मध्ये स्वित्झर्लंडच्या हौशी मंडळींनी ती शोधून, जंगलातून काढून, बोटीवर टाकून परत घरी नेली आणि स्वतः खपून चालू केली. आपल्याकडे हौशी मंडळींना असं शेडमध्ये हात काळे करू देत नाहीत, रेल्वेचंच खातं सगळं करतं. मला कोणी शनिवार-रविवार नळ्या घासायला बोलावलं तर मी स्वतःच्या खर्चाने जाईन, फक्त गळीत हंगाम सोडून.

कोळसा की तेल यावर पण बोललं पाहिजे. आता बहुतेक इंजिनं तेलावर चालतात. वाफेच्या झोताने तेलाचा फवारा करून जाळतात, त्याचा एक सततचा घुर्र आवाज असतो. खरं सांगू तर कोळशाचा वास वेगळा, त्याची सर याला नाही. लहानपणी आजोळी जाताना डोळ्यात गेलेला कण अजून आठवतो. पण उन्हाळ्यात त्या वाळलेल्या जंगलात ठिणग्या उडवत जायचं म्हणजे वणव्याला आमंत्रण, आणि बारास एक चढावर फावड्याने कोळसा मारणाऱ्या माणसाच्या कमरेचा पण विचार करा की. आपण खिडकीत बसून नॉस्टॅल्जिया करायचा आणि त्याने घाम गाळायचा, हे काय बरोबर नाही. तेव्हा तेलाला माझी हरकत नाही, अर्धा मार्क कापतो, बस.

बाकी सोयींचं. डबे छोटे, समोरासमोर बाक, गुडघ्याला गुडघा लागतो. मी पावणेसहा फूट, माझे पाय तिसऱ्या तासाला माझे राहिले नाहीत. सेकंड क्लासला पाठ ताठ ठेवूनच बसावं लागतं. चालत्या गाडीत बाथरूम नाही हे लहान पोरं आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर आधीच लक्षात ठेवा, स्टेशनं येतात तिथे उरकून घ्या, शिट्टी झाली की पळत या. पांढरे कपडे घालू नका. बायकोने घातलेले. कुन्नूरला उतरल्यावर तिच्या बाहीवर काळे ठिपके आणि माझ्याकडे बघण्याची ती नजर, पुढचं लिहीत नाही. जागा निवडायची मुभा असली तर पुढच्या डब्यात दरी छान दिसते आणि मागच्या डब्यात इंजिन ऐकू येतं, मी काय निवडेन ते तुम्हाला कळलंच असेल. खाली उतरताना पण एकदा बसायला हवं असं मला अण्णांशी बोलल्यापासून वाटतंय, कारण चढणं परवडलं, एवढं वजन धरून सावकाश खाली आणणं जास्त अवघड. अशा इंजिनात उतरताना सिलिंडरनाच उलटं कामाला लावतात, ते वाफेऐवजी हवा दाबत बसतात आणि तोच ब्रेक होतो. नुसते ब्रेकचे ठोकळे चाकावर घासत आणले तर घाट संपेपर्यंत लाल व्हायचे.

बुकिंग लवकर करा, सीट मोजक्या आहेत आणि सुट्टीच्या दिवसात तर मिळतच नाहीत. ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये तिकडे परतीचा पाऊस जोरात असतो, दरड येते आणि लाइन बंद पडते, तेव्हा त्या दिवसात जाणार असाल तर निघायच्या आधी चौकशी करून निघा आणि हाताशी दुसरा बेत ठेवा. आणि परत एकदा, तिकिटावर 'मेट्टुपलायम' हे नाव आहे का बघा. नुसतं 'टॉय ट्रेन', 'हेरिटेज', 'जॉय राइड' असलं काही कोणी सांगत असेल तर त्याला एकच प्रश्न विचारा, इंजिन कुठलं लागणार? अडखळला तर पैसे देऊ नका. माथेरानला सवय झालेल्यांनी तर खास, तिकडची ओरेनस्टाइन-कोपेल कंपनीची जुनी वाफेची इंजिनं कधीच शोभेला उभी राहिली, त्यामुळे आपल्याला टॉय ट्रेन म्हटलं की डिझेलच डोळ्यासमोर येतं आणि इथे पण तसंच असेल असं वाटून लोक फार विचारतच नाहीत.

इंजिनाला माझ्याकडून पाचपैकी साडेचार, तो अर्धा मार्क तेलाचा. ब्रेकवाल्यांना पाचपैकी पाच. बाकांना दोन, ते पण बायको शेजारी बसून वाचतेय म्हणून, नाहीतर अडीच दिले असते. तिचे एकूण तीन, पोराचे शंभर, त्याला पाचातलं गणित मान्य नाही.

कुन्नूरहून उटीला आम्ही नंतर बसने गेलो. परवा दुपारी दोनची खाली येणारी गाडी आहे उटीवरून, मेट्टुपलायमपर्यंत, तिची तीन तिकिटं टाकलीयत. वेटिंग चार, पाच, सहा. बघू.